पाच चाळीस

जुन्या बाजारात, बुधवारी, साडेतीनशेला घेतला.
आठशे सांगत होता. मी उलटा करून दाखवला:
पत्र्यावर गंज, एक रबरी पाय गायब,
आणि चिकटपट्टीवर बॉलपेनने, किरट्या अक्षरात,
'बटण बंद करू नये. रेकॉर्डिंग असते.
सौ. घोटवडेकर.'
पत्ता नाही.

तापकीर गल्लीत बावीस वर्षं खोक्यांची पोटं उघडतोय,
त्यामुळे गिऱ्हाइकाचा प्रश्न पाठ आहे:
रिमोटने बंद केला, तरी हा गरम कसा?
मी सांगतो, काका, तो बंद नाही झाला,
तुमच्याशी बोलायचा थांबला फक्त.
हिरव्याचा लाल होतो, पडद्याकडे जाणारी वाट मिटते,
आत चकती हळूहळू मंदावते आणि थांबते,
टाचणी पडावी एवढा आवाज.
पण घड्याळ चालू. गच्चीवरच्या छत्रीला कान लावलेला.
रात्री तीनला, कुणी न सांगता,
पुढच्या आठवड्याचं वेळापत्रक उतरवून घेतो,
आणि नेमलेल्या कामाआधी दोन मिनिटं
चकतीला खांद्याला धरून हलवतो: ऊठ.
आमच्या भोरकडे याला जागसूद झोप म्हणतात.
काका म्हणतात, ते ठीक, पण बिल?

घरी, धनकवडीत, आमचं कार्ड घालून लावला.
मीटरवर पाहिलं: जागेपणी अठरा वॉट, झोपेत चौदा.
चार वॉटांची झोप!
पहिल्याच पहाटे पाच अडतीसला काहीतरी घरघरलं,
वैजयंता झाडू घेऊन उभी, उंदीर समजून.
लाल दिव्याशेजारी एक नारिंगी पेटलेला.

यादी उघडली. सगळं पुसलेलं होतं,
फक्त एक नेम राहून गेलेला:
रोज, पाच चाळीस, चॅनेल सातशे चौदा, चाळीस मिनिटं.
सातशे चौदावर आता नुसता निळा पडदा
आणि मधोमध एक ओळ: ही सेवा बंद झाली आहे.
तेवढंच, चाळीस मिनिटं, नीट तारीख टाकून
त्याने जपून ठेवलेलं.

रिमोटवर विचारलं, सर्व भाग रद्द करायचे?
हो. नाही.
भावुक वगैरे नाही मी.
पण दुसऱ्याने मारलेली गाठ सोडायच्या आधी
ती कशी मारलीय ते बघायची सवय आहे हाताला.
राहिलं तसंच.

मग गुरुवारी दिवसभर वीज नव्हती.
संध्याकाळी आली तेव्हा याच्या कपाळावर चार शून्यं,
सकाळ की रात्र, काही पत्ता नाही.
छत्रीकडून वेळ मागून घेतली त्याने, पाचेक मिनिटांत,
आणि शुक्रवारी पाच अडतीसला उठला.
घड्याळ विसरलं होतं. नेम चकतीवर कोरलेला, तो कसा विसरेल.

महिन्याभरात जागा भरली.
आता रविवारी दुपारी मी बसतो आणि
जुने निळे पुसतो, नव्या निळ्यांना जागा व्हावी म्हणून.
हे दुकानात कुणाला सांगितलेलं नाही.
घोटवडेकर बाई पाच चाळीसला काय बघत असतील,
की स्वतः झोपून राहून दुपारी बघत असतील,
डबे गेल्यावर, पाय वर घेऊन?
तसं असेल तर बरं.

शेवटी एकदा म्हटलं, काढून टाकतो उद्या, उगाच चकती झिजते.
वैजयंता कळशी घासत होती.
म्हणाली, खबरदार.
पाणी पावणेसहाला येतं, सव्वासहाला जातं,
आणि तुझ्या मोबाइलच्या गजराने
आजवर या घरात कोण उठलंय?

काल खोका पुसायला उचलला.
चिकटपट्टी तीच, किरटी अक्षरं उडत आलेली,
त्याखाली मार्करने, ठसठशीत,
'पाणी असते.'
खाली नाव नाही घातलं तिने.
वरचं तेवढं गिरवून ठेवलंय.