पावती पुस्तक

उघड्यावर कचरा, पाला, प्लास्टिक, टायर
जाळणाऱ्यास दंड रुपये पाचशे.
हुकमावरून.
हा फलक मी स्वतः बांधला
उत्तरेश्वर पेठेतल्या एका कोपऱ्यावर,
पिंपळाला खिळा नको म्हणून सुतळीनं.
तिसऱ्या दिवशी सुतळी कुणीतरी नेली,
फलक पालथा पडला,
त्यावर कोंबड्या ऊन खात बसल्या.

मी आरोग्य विभागाचा मुकादम.
खिशात पावती पुस्तक, मध्ये निळा कार्बन.
बोटं कायम निळी.

दिवाळीत नियम असा,
की रात्री दहानंतर फटाके वाजवायचे नाहीत.
अकरा वाजून वीस मिनिटांनी फोन आला:
आमच्या गल्लीत हजाराची माळ लावलीय.
गेलो, तर गल्लीभर लाल कागदाचा सडा
आणि माणूस एकही नाही.
जिन्याखाली एक कुत्रं थरथरत होतं.
गच्चीवरून हाक आली,
"मुकादम, फराळाला या की!"
धुराच्या नावानं पावती फाडता येत नाही.
वर गेलो, दोन चकल्या खाल्ल्या.
अहवालात हे लिहिलेलं नाही.

डिसेंबरात पहाटे साडेपाचला
पंचगंगेवरून धुकं असं चढतं
की समोरचा माणूस खोकल्यावरून ओळखायचा.
हौसाक्का आणि तिच्या दोघी सोबतिणी
झाडलेला पाला पेटवून बसलेल्या,
खराटे मांडीशी, तळवे जाळाकडं.
म्हटलं, अक्का, आपणच झाडायचं,
आपणच जाळायचं, बरं दिसतं का?
ती म्हणाली, "पाला कुठं जाळतोय रं,
हाडातली थंडी जाळतोय.
लिही की तसं."
पावतीवर 'कारण' असा रकाना नसतो.
मी लिहिलं: पालापाचोळा, अंदाजे अर्धी पाटी.
तिनं अंगठा दिला नाही, सही केली,
रात्रशाळेत शिकलेली,
एकेक अक्षर घाटाची पायरी उतरल्यासारखं.
पाचशे पगारातून कापले गेले.

शिमग्याला हुकूम उलटा फिरतो.
होळी लहान करा, शेणी दान करा.
तालमीची पोरं ट्रॉली भरून
स्मशानात शेणी आणतात,
पुढं हलगी, मागं रचलेली रास.
मी तिथं टेबल टाकून बसतो.
हे दुसरं पावती पुस्तक, कार्बन तोच.
तालीम मंडळ, बाराशे.
बँकेतले एक साहेब, पन्नास, फोटोसकट.
दस्तगीर रिक्षावाला, अकरा, "नाव नको घालू."
ऊन कलताना हौसाक्का आली.
पदरात पाच शेणी,
थापताना उमटलेली बोटं अजून तशीच.
"फाड पावती. दंडाची फाडलीस न्हवं,
आता ही बी फाड."
फाडली. तिनं कागद डोळ्यांजवळ नेला.
"हौस लिवलंस. हौसा हाय मी.
काना दे."
दिला.

त्या पाच कुणाच्या वाटणीला आल्या
ठाऊक नाही.
रात्रीतून चौघांना अग्नी मिळाला,
त्यात एक नव्वदीचा पैलवान होता,
आणि एक बाई, जिच्यामागं फक्त शेजारी आले.
वहीत आकडा असतो, शेणी कुणाची ते नसतं.
तिथला म्हादबा सांगतो,
थापलेल्या बोटांचे ठसे
सगळ्यात शेवटी विझतात.
म्हादबा काहीही सांगतो.

यंदा फलक नवा आहे, दंड हजार.
मी कोपऱ्याच्या पन्नास पावलं अलीकडं
गाडी थांबवतो. दोनदा हॉर्न देतो.
मग मफलर नीट करत बसतो थोडा वेळ,
धुक्यात कुणाला काय दिसतंय.
पोचतो, तेव्हा पाला ओला,
रस्त्यावर वाफ,
आणि हौसाक्का खराट्यावर हनुवटी टेकून उभी.
"लई येळ लावलास," म्हणते,
"बोटं बघ कशी निळी पडल्यात गारठ्यानं."
कार्बन आहे तो, असं मी सांगत नाही.
हात खिशात घालतो.
तिथं पुस्तक असतंच.