कळस कापला तरी चालेल

बडोद्याला, दांडिया बाजारात, मी चौकटी करतो.
लोक आणतील त्याला काच लावतो:
लग्नं, पदव्या, वारलेले सासरे.
भिंतीवर आपण काढलेला एक तरी फोटो असावा
एवढ्यासाठी रात्रीची गाडी धरून इंदूर,
तिथून टेम्पोनं राऊच्या पुढे.
छत्तीसचा रोल. नेमकी वैशाखी पौर्णिमा.
बायको म्हणाली होती, गर्दी असेल.
असू दे, म्हटलं, मला कळसाचा काढायचाय.

विहाराचं आवार म्हणजे
कुणी दागिन्यांचा डबा उपडा केलेला.
एकावर एक तीन छपरं, टोकाटोकाला नाग,
खांबांना नखाएवढे आरशांचे तुकडे,
आणि वर्ख इतका, की मीटरची सुई
उन्हात नाचून दमली.
प्रत्येक पायरीवर माणूस.
पांढऱ्या साड्या, निळे झेंडे, स्टीलचे डबे,
द्रोणातल्या पोह्यांवर जिरावन,
लाउडस्पीकरपाशी एक हरवलेलं पोर
काही केल्या आपलं नाव सांगेना.

मी नेम धरला. छत्री आली.
पुन्हा धरला. पाय चोळत एक म्हातारी
बरोबर मधल्या पायरीवर बसली
आणि डबा उघडला.
माझ्या गळ्यात कॅमेरा बघून
एका पोरानं मोबाइल पुढे केला,
भिया, आमचा एक काढा ना.

अश्वजित मेश्राम, मुक्काम बाभुळगाव.
शेजारी आई, पंचफुलाबाई,
नव्या चपला हातात धरून.
मी गुडघ्यावर बसलो, म्हटलं,
जरा मागे व्हा, वरचा कळस कापला जातोय.
तो म्हणाला, कळस कापला तरी चालेल,
आई पूर्ण आली पाहिजे.
पायांसकट.
मग तिनं चपला घातल्या.

मग रांगच लागली.
अकोला, खांडवा, देवास,
उज्जैनचे दोन पोस्टमन,
एक नवी नवरी, जिचा नवरा पाणी आणायला गेलेला.
ते येईपर्यंत थांबा, म्हणाली.
थांबलो.
परक्यांच्या फोनांत दिवसभर
हसा, हसा, म्हणत राहिलो,
आणि माझ्या रोलचा आकडा
सातावर बसून होता.

दिवे लागले तेव्हा आवार रिकामं झालं.
केळीची सालं, एक निळी टोपी, ओला दगड.
शेवटी छपरं एकटी सापडली.
डोळा लावला, तर खराटा घेऊन
सुगनबाई आली चौकटीत.
ती मधोमध पोचेपर्यंत श्वास धरला
आणि दाबलं.
तिनं पदर सारखा केला, उशिरा.
मग माळवीत म्हणाली,
सगळ्यांचे काढलेत, आता तुम्ही उभे राहा.
कसं दाबायचं ते दाखवलं.
तिनं खराटा माझ्याकडे दिला.

काल रोल धुऊन आला.
तिचा हात जरा वर गेलेला.
कळस पूर्ण. तिन्ही छपरं, एकूण एक नाग,
वर्खावर दिव्यांचा पिवळा,
अगदी जसा मला हवा होता तसा,
आणि खालच्या कडेला
माझं कपाळ, थोडे केस,
खराट्याचं टोक.

माउंटचा पुठ्ठा अर्धा इंच वर घेतला
तर मी झाकला जातो.
पट्टी धरून बसलोय केव्हाचा.
समोर गिऱ्हाईक उभं आहे,
सासऱ्यांचा फोटो घेऊन.