बेरिलचा खुबा

शेफिल्डच्या इस्पितळाच्या तळघरात, रात्रपाळीला
मी कात्र्या मोजते.
चिमटे, चाप, जखम उघडी धरणारे आकडे,
एका ट्रेमध्ये बेचाळीस नग.
एक कमी भरला
तर वर कुणाचं तरी पोट शिवायचं थांबतं.

आमच्या बोलण्यात याची दोन नावं.
पोलाद भाषणातलं :
पोलादी मनगट, पोलादी निर्धार.
स्टील मांडणीवरचं :
वाट्या, तांबे, गव्हाचं पिंप,
आणि पितळेची घागर मोडीत घालून
आईनं घेतलेला पहिला डबा.
मी दुसऱ्या नावात वाढले.

वॉकलीची चढण. पिशव्या घेऊन चढताना
सगळे देव आठवतात.
शेजारी बेरिल स्टॅनिफोर्थ,
पंधराव्या वर्षापासून चमचे घासलेली.
म्हणजे भांडी नव्हेत :
फिरत्या चाकावर चमचा दाबून धरायचा,
वाळू नि तेलाचा काळा चिखल तोंडावर,
पोटाला तपकिरी कागद बांधलेला, डोक्याला लाल रुमाल.
संध्याकाळी बसमध्ये शेजारी कुणी बसत नसे.
"दिवसाला किती व्हायचे?"
"मोजायचं काम मालकाचं. आम्ही गाणी म्हणायचो."

एकदा तिला वाटीतून शिरा दिला.
वाटी परत आली ती अशी
की तीत मला माझ्या नाकावरचा तीळ दिसला.
काठाच्या टिंबाटिंबांच्या अक्षरांवरून
तिनं अंगठा फिरवला. "काय लिहिलंय?"
'चि. उज्ज्वला हिच्या बारशानिमित्त,
आत्याकडून, जयसिंगपूर.'
बारसं म्हणजे काय, तेही सांगितलं.
ती जरा वेळ गप्प.
"आम्ही लाखांनी चमचे केले, लव्ह.
नाव असायचं मालकाचं. तेही मागच्या बाजूला."

चढणीचा कठडा, बसमधला खांब,
किटली, विणायच्या सुया, कचऱ्याच्या डब्याचं झाकण :
दिसेल त्याला ती "आमचं" म्हणायची.
चीनचा शिक्का दाखवला
तर नेमका चष्मा घरी राहिलेला असायचा.

मग तिचा खुबा गेला.
तिच्या ऑपरेशनचा ट्रे मी लावला,
दोनदा मोजला, आणि काही कारण नसताना तिसऱ्यांदा.
नवा खुबा स्टीलचा, दांडा आरशासारखा.
तिनं म्हणे तो आधी हातात मागितला.
"पॉलिश कुणी केलंय?"
"यंत्रानं," डॉक्टर म्हणाले.
"ते दिसतंच आहे," बेरिल म्हणाली,
आणि झोपेचं औषध घ्यायला हात पुढे केला.

त्या खुब्यावर ती सहा वर्षं चढण चढली.
माझ्यापुढे.

मार्चमध्ये गेली.
रॉदरहॅमहून आलेल्या भाच्यानं
एक फॉर्म माझ्याकडे सरकवला :
दहनानंतर धातू उरल्यास
पुनर्वापरास आपली हरकत आहे काय?
त्याला खूण कुठे करायची समजेना.
आमच्याकडे अस्थी वेचतात.
इथे राख चाळून धातू बाजूला ठेवतात,
मग वितळवतात. पुढे काय होतं
ते कुणी लिहून देत नाही.
रस्त्यावरची पाटी होत असेल. बिजागरी होत असेल.
"तिची हरकत नव्हती," मी म्हटलं,
जसं काही मी विचारून आले होते.

आज नव्या कात्र्यांचा खोका आला.
एकीवरून अंगठा फिरवला.
हातमोज्यातून काही लागत नाही.
मागच्या बाजूला कंपनीचं नाव, बारीक.

मोजायचं मालकानं, गायचं आपण.
इथे मोजणारी मीच,
आणि तिचं एकही गाणं मला धड येत नाही.
तरी गुणगुणते.
सतराला चुकते.
पुन्हा पहिल्यापासून.