दोन बोटांची पट्टी

तुळशीचं लग्न लागलं
आणि दुसऱ्या दिवशी आम्ही खोलीची कौलं उतरवली.
सत्तावीस फुटलेली, अकरा तडकलेली.
मोजली यांनी. यांना मोजायची सवय,
एकतीस वर्षं जहाजाच्या इंजिनात
काटे वाचत काढली,
दर चार तासांनी वहीत आकडा.
सोनू पाष्टेने वाशावर नख मारलं.
"वयनी, ह्यो गेला कामातनं."
नखाएवढ्या भोकातून वाळवीचा भुसा
माझ्या पायावर पडला, कोमट.

मग भिंत खरवडली.
पांढऱ्याखाली पोपटी, पोपटीखाली नीळ,
निळीखाली शिंपल्यांचा चुना,
आणि त्याखाली जांभा, ओला,
नुकत्याच कापलेल्या तुकडीसारखा तांबडा.
रज्जाक पेंटरने बोट फिरवलं आणि चाटलं.
खरंच चाटलं.
"खारट हाय अजून. पाऊस प्यालीय. थांबा आठवडा."
हर्णैत भिंतीला घाई करून चालत नाही.
आठवडाभर तिच्यासमोर पंखा लावून ठेवला,
तापाच्या माणसाला लावतात तसा.

रंगाचं कार्ड आलं, दोनशे चौकोन.
यांनी सगळे निळे तळहाताखाली झाकले.
"हे नकोत. पुष्कळ बघितलेत."
मला हवा होता ताकाचा रंग.
कार्डात ताक नव्हतं.
रज्जाकने पांढऱ्यात चमचाभर पिवळा ढवळला,
"आंबट करू का गोड?" म्हणाला.

फणसाच्या फळ्या आल्या.
प्रत्येक फळीच्या पुढच्या कडेला यांनी
दोन बोटं उंच पट्टी ठोकून घेतली.
"ही कशाला?"
"बरण्या घसरतात."
"घर हलत नाही हो."
हे पॉलिश पेपर घासत राहिले.
आरशाला चार स्क्रू. पलंग भिंतीला जखडलेला.
देवांच्या तसबिरीलासुद्धा मागून तार.
भिशीतून घेतलेल्या माझ्या पत्र्याच्या कपाटाला
तीन भोकं पाडायची ठरली, बोल्टसाठी.

तेवढ्यात रज्जाकला मी हळूच सांगितलं,
"त्या कोपऱ्यातला तुकडा राहू दे रे. खरवडू नको."
तिथं फोन असायचा.
वाजला की हाताशी कागद कधी सापडायचा नाही,
पेन्सिल तेवढी सुतळीला बांधलेली.
डर्बन. आवाज बसलाय. काढा घ्या म्हटलं.
सांतोस. पैसे शनिवारी.
बंदराचं नाव कळलं नाही, पाऊस. (तिकडे का इकडे?)
लाइन गेली.
लाइन गेली.
आणि एका ठिकाणी, तारखेशिवाय, नुसतं
हो.
कशाला हो म्हटलं होतं
ते आता काही केल्या आठवत नाही.

रज्जाकने वाचलं असावं.
बोलला नाही. चारी बाजूंनी वर्तमानपत्र चिकटवलं
आणि ताक कडेकडेने लावत नेलं.
वर्तमानपत्र काढलं तेव्हा
हे अंगणात बोल्टना ग्रीस लावत होते.
मग चौघांनी कपाट उचललं, भिंतीला भिडवलं.
पाना तीनदा करकरला.
"आता भूकंप झाला तरी हलायचं नाही," हे म्हणाले.
मी म्हटलं, "नकोच हलायला."

काल नव्या खोलीत पहिली रात्र.
रंगाचा वास होता म्हणून खिडकी उघडी,
बंदरावर कुणाचं तरी मशीन उशिरापर्यंत धडधडत होतं.
यांचा डोळा लगेच लागला,
एक हात पलंगाच्या कडेला घट्ट धरलेला.
मी पाणी प्यायले, अंधारातच तांब्या परत ठेवला.
पट्टीला लागला. टण्ण.
मशीन थांबलं तरी मी जागीच.
या खोलीतले सगळे आवाज मला पाठ होते,
हा नव्हता.