तीस फेब्रुवारी

त्या वर्षी स्वीडनात फेब्रुवारीला तीस तारीख आली.
सतराशे बारा साल. थट्टा नव्हे, दरबारी हुकूम.
बारा वर्षांमागे कुणा शहाण्यांनी ठरवलं होतं
की शेजाऱ्यांचं पंचांग गाठायचं,
दर चार वर्षांनी एकेक दिवस गिळत.
पहिला गिळला, आणि लढाई लागली.
पुढचे गिळायचे राहूनच गेले.
मग ना या पंचांगात ना त्या,
असा त्रिशंकू झालेला देश
शेवटी म्हणाला, जाऊ दे,
आणि गिळलेला दिवस काढून परत ताटात ठेवला.

आपल्याकडे अख्खा महिना अधिक येतो,
जावई अनारसे खाऊन जातात.
हॅगनेस गावात त्या अधिक दिवशी
राईची भाकरी होती, तीही झाडाच्या सालीची भुकटी घालून मळलेली.
राजा तुर्कांच्या मुलखात पाहुणा, तिसरं वर्ष.
प्लेग नुकताच जेवून उठलेला.

होकान चर्चची घंटा वाजवायचा, जन्ममृत्यूची वही लिहायचा.
प्लेगात शेवटी शेवटी त्याने नावं सोडून दिली होती,
नुसती घरं लिहिली : गिरणीवाल्याचं. वळणावरचं.
त्यापुढे, सगळे.
आज शाई गोठलेली. दौत काखेत धरून बसला होता,
अंडं उबवावं तशी.
सकाळी टोर्कल कातडेवाला विचारून गेला,
या वाढीव दिवसाचं व्याज कुणाचं, धनकोचं की देवाचं?
म्हातारा एस्बियॉर्न मार्चात मरतो म्हणत होता,
पहाटेच गेला,
आणि दगडावर ही तारीख कोरायला पाथरवट तयार नाही.
लोक म्हणतील, मी पिऊन होतो.

दुपारी गुनिला आली,
बुटांवरचा बर्फही न झाडता.
तिचा नवरा मॉन्स युक्रेनच्या लढाईत गेला.
गेला म्हणजे तिकडे गेला. पुढचं कुणी सांगेना.
पाळकबुवा म्हणत, आधी पुरावा आण, मग विधवा हो.
इकडे टेकाडापलीकडचा एक विधुर,
दोन गाई, एक पोर,
थांबून थांबून थकत आलेला.

"आज लिहा," ती म्हणाली. "मॉन्स वारला. तीस फेब्रुवारी, शुक्रवार."
"आणि परत आला तर?"
"तर सांगा त्याला, असा दिवसच नसतो."

होकानने तिच्याकडे पाहिलं नाही.
काखेतली दौत काढली, टाक बुडवला.
अक्षर नेहमीपेक्षा बारीक आलं,
ओळ जराशी वर चढत गेली.
मग तो एस्बियॉर्नसाठी घंटा वाजवायला गेला.
दोन ठोके जास्त पडले.
कुणी मोजले नसावेत.

अकरा वर्षांनी एक माणूस आला,
सायबेरियातून चालत, डाव्या हाताला तीनच बोटं.
घरी नाही, आधी चर्चमध्ये आला.
वाटेत कुणीतरी सांगितलं असणार.
होकानची नजर गेली होती,
पण त्या पानाचा कोपरा त्यानेच कधीतरी दुमडून ठेवलेला,
तो बोटांना बरोबर सापडला.
"ही चूक आहे," तो म्हणाला. "असा दिवस नसतो."

माणूस खूप वेळ वाचत राहिला, ओठ हलवत.
"तिकडे त्या शुक्रवारी एकोणतीस होती," म्हणाला.
"लक्षात आहे माझ्या.
सूप मिळालं होतं. त्यात खरोखरीचा कांदा."

बाहेर गोठलेल्या तळ्यावर
पोरं घसरत होती, ओरडत होती.
"यातली तिची कुठली?" त्याने विचारलं.

होकानला काही दिसत नव्हतं.
तरी त्याने हात केला.