तिसऱ्या गाण्यातला कूलर

तुम्ही नाव ऐकलं नसेल.
'सत्तेचाळीस डिग्री'.
चार पोरं, प्रतापनगरच्या गच्चीवरची एक खोली
आणि एकच कॅसेट. तीनशे काढल्या होत्या,
दोनशे अजून निखाडेच्या आईच्या दिवाणात असतील.

मी कूलरवाला. गोकुळपेठेत दुकान.
वाळ्याच्या ताट्या, पंप, पाती, टाकीला डांबर.
गाण्यातलं मला काही कळत नाही.
बेअरिंग गेलेलं मात्र रस्त्यावरून कळतं.

अठ्ठ्याण्णवचा मे. बोलावणं आलं:
कूलर लय आवाज करून राहिला भाऊ, रेकॉर्डिंग आहे.
बंद केला तर दहा मिनिटांत तारा उतरायच्या,
आल्विन बाटली डोक्यावर ओतून घ्यायचा,
निखाडे ड्रमवरच कपाळ टेकायचा.
चालू ठेवला तर गाण्यात घरघर.
पंप उघडला, तेल दिलं, पायाखाली चिंधी कोंबली.
घरघर गेली. नुसतं पाणी टिपकत राहिलं.
लांजेवार म्हणाला, "आता जाऊ नका, दार वाजते.
बसा तिथंच. हलू नका."

नाही हललो.

*उन्हाले सांगा, मी घरी नाही*
असं तो डोळे मिटून म्हणाला
आणि ऊन खरंच दाराशी उभं होतं,
वसुलीवाल्यासारखं, चप्पल न काढता.
मी चोवीस वर्षांचा. बाप जाऊन महिना झालेला,
त्याची उधारी माझ्या नावावर आलेली.
घरी नाही, असं कोणाला सांगता येतं
हेच मला माहीत नव्हतं.

दुसऱ्या कडव्यानंतर हातातला पाना निसटला.
टक्.
कोणी थांबलं नाही. ते टक् कॅसेटमध्ये आहे.
पुढं कोणी म्हणे, तिथं निखाडेनं काय ठोका घेतला बे!
मी गप्प.

समोरून ऐकलं अकरा वेळा.
कॉलेजचं गॅदरिंग. एक गणपती मंडळ,
जिथं गाणं अर्ध्यात आणि आरती सुरू.
एकदा धंतोलीत, हॉलमध्ये नऊ लोक,
त्यातले दोन माईकवाले.
त्या रात्री तळहात सुजले.
नऊ जणांत एकानं टाळी चुकवली की कळते.

मग फुटले. कशावरून,
तिघं तीन गोष्टी सांगतात, चौथा कुवेतला.
कॅसेट घासत घासत पातळ झाली.
भाच्यानं मोबाइलमध्ये उतरवून दिली, म्हणाला,
"मामा, मागचा पाण्याचा आवाज काढून टाकू? साफ होईल."
हात तर लावून पाहा, म्हटलं.

या एप्रिलमध्ये मनीषनगरहून फोन.
तिसरा मजला, लिफ्ट बंद.
दार लांजेवारनं उघडलं. बनियन, चष्मा,
डोक्यावर तेव्हाच्या केसांची नुसती हद्द उरलेली.
त्यानं ओळखलं नाही. का ओळखावं?

बाल्कनीत पंप उघडून बसलो
आणि तोंडातून आपोआप तेच निघालं,
हळू, दुसरं कडवं, जे कोणालाच आठवत नाही.
तो चहा घेऊन आला. दारातच थांबला.
"चाल चांगली आहे. कोणाचं गाणं?"

सांगणार होतो. शपथ, ओठांवर आलं होतं.
पण विचारणारा आवाज पाहुण्याचा होता,
चुकून या घरात शिरलेल्या.
मला वाटलं, ज्याला सांगायचं
तोच घरी नाही.

"जुनं आहे," म्हटलं, "आपल्या नागपूरचंच."
"नागपूरचं?" तो हसला. "इथं कोण गाणं करते!"
कप ठेवला. बराच वेळ मात्र गेला नाही.

पंपाचे साडेचारशे झाले. पूर्ण घेतले.

खाली गाडीपाशी आल्यावर कळलं,
बारा-तेराचा पाना वरच राहिला.
सीटवर ऊन बसलेलं.
राहू दिला.