चिमटीतलं तेल

एकतीस वर्षं विटा डेपोच्या खड्ड्यात
मान वर करून गाड्यांच्या पोटाखाली काढली.
अंगठा, तर्जनी, मधे एक थेंब.
चोळून सांगायचो: हे गिअरचं, हे इंजिनचं,
हे जळलेलं,
आणि ह्यात कुणीतरी रॉकेल घातलंय.
नवी पोरं मुद्दाम बाटल्या आणून परीक्षा घ्यायची.
एकदाही चुकलो नाही
(हे शालनला शंभरदा सांगून झालंय).

आता तिचा उजवा हात प्लास्टरात.
नळाजवळच्या शेवाळानं मनगट घेतलं.
सहा आठवडे, डॉक्टर म्हणाले.
ती दाराच्या चौकटीत स्टूल टाकून बसते
आणि डाव्या हाताच्या एका बोटानं स्वयंपाक करते.
मी नुसता तिचा उजवा हात.

आज अख्खा मसूर.
किटली वाकडी केली तर शेंगतेल
तोटीशी येऊन थांबलं.
तळाला दोन चमचे, थोडा गाळ.
घाणेवाला मोटे लेकीकडं आटपाडीला गेलेला,
सोमवारशिवाय घाणा फिरायचा नाही.
"थांबलाय कशाला? निंगव्वाकडं करडीचं असंल."

निंगव्वा जत तालुक्यातली.
तिच्या घरी भाकरीवर, चटणीवर, लेकराच्या टाळूवर
एकच तेल.
वाटी भरून दिली, वर बजावलं,
"लई तापवू नगा, धूर निघाला की गेलं."

मी चिमटीत धरलं. पातळ.
"चाळीस नंबरच्या जागी वीस," मी म्हणालो.
"मग आचबी वीस नंबरची ठेवा."

लसूण तांबूस होईस्तोवर ती बोलत राहिली.
तिळाचं लोणच्याला चालतं, भज्याला नको.
शंकरपाळ्याला तूप नसलं तर तेलाचं मोहन,
कडकडीत, पण वाटीला पाऊणच,
न्हाईतर तळणीत विरघळत्यात.
सोयाबीनचं कशालाबी चालतं,
म्हणून कशालाच नीट चालत न्हाई.
भडंगाला मात्र शेंगतेलच.
दुसऱ्या तेलात चुरमुरा ओळख दाखवत नाही.

"आणि संपाच्या वर्षी?" मी सहज विचारलं.
पाच महिने पगार नव्हता.
भडंगाचा डबा रोज मंडपात यायचा,
कढीपत्ता, लसणीचे काप, सगळं जागच्या जागी.
कंडक्टर, ड्रायव्हर मुठी भरून न्यायचे.

ती प्लास्टरवरची हळद पदरानं पुसायला लागली.
हळद निघत नाही, तिलाही ठाऊक आहे.

"पामतेल हुतं. पिशवीतलं.
मूठभर शेंगदाणं आधी त्यात तळायचं,
तांबडं झालं की चार कुटून परत त्यातच.
रातभर ठेवलं की वास धरायचा.
मग ह्याच किटलीत वतायची.
तुमच्यासमोर किटलीतनंच घालायची."

शेजारचे माग एकदम थांबले.
वीज गेली असावी.
एवढा आवाज रोज चालतो
हे तो थांबल्यावर कळतं.

मला त्या वर्षीची एक संध्याकाळ आठवली.
भडंग खाता खाता म्हणालो होतो,
"यंदा मोट्याचं तेल झकास उतरलंय."
ती पाठमोरी होती.
"व्हय," म्हणाली होती,
आणि बराच वेळ कढई घासत बसली होती.

"अवो, मसूर!"
खाली लागलाच थोडा.
वरचा वाढून घेतला.
करडीचा कट पिवळसर, हलका,
आमच्या घरचा नाही,
पण पाहुण्यासारखा बरा वागत होता.
तिला एका हातानं भाकरी मोडेना,
मी मोडून दिली.
अंगठा आणि तर्जनी तेलानं माखलेली.
सवयीनं चोळून पाहिलं.
काहीच बोललो नाही.

"मीठ कमी हाय," ती म्हणाली.
आणि थोड्या वेळानं,
"सोमवारी किटली सोड्यानं धुवून न्या.
आत कवाकवाचा वास बसलाय."